विश्लेषण : ‘ओळख कळली, भान सुटले’ हा खुनाचा बचाव का नाकारला जातोय?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील नेवार्क येथे ऑक्टोबर २००२ मध्ये ग्वेन अराउहो या १७ वर्षांच्या पारलिंगी मुलीला एका घरातील पार्टीत बेदम मारहाण करून ठार करण्यात आले. ती पारलिंगी असल्याचे कळताच आरोपींचे भान सुटले, असा युक्तिवाद न्यायालयात झाला. २००४ मधील पहिल्या खटल्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. २००५ मधील फेरखटल्यात दोघे खुनाचे दोषी ठरले.

हा बचाव नेमका काय?

‘गे पॅनिक’ किंवा ‘ट्रान्स पॅनिक’ हा स्वतंत्र बचाव नाही. प्रक्षोभाच्या जुन्याच तरतुदीचा त्यात आधार घेतला जातो. अचानक प्रक्षोभामुळे हत्या झाली असे ठरले, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा सौम्य गुन्हा लागतो. कॅलिफोर्नियात द्वितीय श्रेणीच्या खुनाला किमान १५ वर्षे ते जन्मठेप, तर प्रक्षोभातून झालेल्या हत्येला ३, ६ किंवा ११ वर्षांची शिक्षा आहे. एका युक्तिवादाने इतका फरक पडतो.

कायदा कसा बदलला?

कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये अराउहोच्या नावाने कायदा केला. पूर्वग्रहाचा निकालावर परिणाम होऊ देऊ नका, अशी सूचना ज्युरीला देण्याची सोय त्यात होती. पण युक्तिवादाला मनाई नव्हती. २०१४ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले. मृत व्यक्तीची लैंगिक ओळख किंवा कल कळणे, हा वाजवी प्रक्षोभ नाही, असे त्यात स्पष्ट केले. मृताने बळजबरी न करता जवळीक साधण्याचा प्रयत्न केला असला, तरी हाच नियम. असे करणारे कॅलिफोर्निया हे अमेरिकेतील पहिले राज्य. पुढे इलिनॉय, ऱ्होड आयलंड, न्यूयॉर्क आदी राज्यांनी तोच मार्ग धरला.

आरोपीचे हक्क जातात का?

नाही. खरोखर हल्ला झाला असेल, तर स्वसंरक्षणाचा बचाव कायम आहे. केवळ समोरच्याची ओळख हे शिक्षा कमी होण्याचे कारण ठरत नाही.

भारतात काय स्थिती?

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभा’चा अपवाद आहे. लैंगिक ओळखीबाबत त्यात वेगळा उल्लेख नाही. त्याची कसोटी मुंबईतील नानावटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये स्पष्ट केली : आरोपीच्याच समाजस्तरातील समंजस माणसाचा त्या परिस्थितीत तोल गेला असता का? पत्नीच्या कबुलीनंतर सुमारे तीन तासांनी गोळ्या झाडल्याने नानावटीला हा लाभ मिळाला नाही.

मात्र समाजच एखाद्या ओळखीला घृणास्पद मानत असेल, तर त्यातला ‘समंजस’ माणूस कोणता? कॅलिफोर्नियाने याचे उत्तर ज्युरीवर न सोडता कायद्यातच लिहिले. भारतात ते प्रत्येक प्रकरणात न्यायाधीशांनाच द्यावे लागते.