आधी वारा, मग दर्शनी भाग

मुंबईतल्या एका जुन्या क्रीडामंडळाच्या इमारतीचं नूतनीकरण मी सध्या जवळून पाहतो आहे. खाली कॅरम आणि टेबल टेनिस, वर बॅडमिंटन हॉल, पुढे ज्येष्ठ सभासदांचा ओटा. नवं चित्र काढण्याआधी आर्किटेक्टबाईंनी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं.

त्यांनी कॉलमचा गिलावा काढला, काँक्रीटचा टवका उडवला आणि ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. आतला भाग गुलाबी झाला, बाहेरची कड मात्र तशीच राखाडी राहिली. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरला की काँक्रीटची अल्कता घटते आणि सळईचं गंजापासूनचं संरक्षण जातं. गंज चढलेली सळई फुगते, काँक्रीट फोडते. इथे सळया अजून गुलाबी भागात होत्या. म्हणजे कॉलम पाडायची गरज नाही, दुरुस्तीवर भागेल.

खरा पेच वर हॉलमध्ये होता. शटलचं वजन जेमतेम 5 ग्रॅम. खिडकी उघडली की ते वाहवतं, बंद ठेवली की दमट हवेत खेळाडूंचा जीव घुसमटतो. बाई उदबत्ती घेऊन कोर्टभर फिरल्या. धूर कुठे वळतो, कुठे सरळ वर जातो, याच्या खुणा नकाशावर केल्या. त्यावरून ठरलं : हवा जमिनीलगतच्या झडपांतून संथपणे आत येईल, तापलेली हवा छपराच्या कण्याजवळून बाहेर पडेल. उजेड उत्तरेकडून, तोही उंचावरून. पांढरं शटल नीट दिसावं म्हणून बेसलाइनमागे खिडकी नाही आणि भिंतीला गडद हिरवा रंग.

जोतं 45 सेंटिमीटर उंच. व्हीलचेअरसाठी 1:12 चा उतार धरला तर रॅम्पला 5.4 मीटर लांबी लागते. तो मागच्या दाराशी न ढकलता ओट्यालगतच घेतला आहे, म्हणजे सगळे एकाच वाटेने आत येतील. बायकांची चेंजिंग रूमही पहिल्यांदाच होते आहे.

पुण्यात 1906 साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने एका अख्ख्या वस्तीला नाव दिलं. क्रीडामंडळ गावाच्या जगण्यात इतकं मुरतं, म्हणून त्याची वास्तू बदलताना जबाबदारीही तेवढीच मोठी असते. आधुनिक म्हणजे काचेचा दर्शनी भाग, ही समजूत कमिट्यांनी सोडावी. आधी हवा, उजेड, रॅम्प आणि चेंजिंग रूमसाठी पैसे बाजूला काढावेत. दर्शनी भाग उरलेल्या पैशांत करावा.