अनोळखी ग्राफिक्स कार्डाची ओळख



त्वरितादेवीच्या गावात उभे राहून ‘त्वरा करू नका’ असा उपदेश करणे थोडे धाडसाचेच आहे. परंतु आजचा विषयच असा आहे, की त्यात घाई करणाऱ्याचे पैसे जातात आणि थांबून पाहणाऱ्याचे वाचतात. तलवाड्यासारख्या गावात संगणक पुष्कळदा नवा येत नाही, वापरलेला येतो. कोणी तो पुण्याहून आणतो, कोणी छत्रपती संभाजीनगरहून, तर कोणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. पेटी उघडून पाहावी तो आत एक ग्राफिक्स कार्ड बसवलेले असते आणि त्यावरचे नाव पुसलेले असते. संगणक सुरू होतो, पडद्यावर चित्रही येते. पण अक्षरे बेढब दिसतात आणि व्हिडिओ अडखळतो. मालक म्हणतो, “कार्ड जळाले!” पुष्कळदा ते जळालेले नसते, ते कोणते आहे, हे संगणकाला कळलेले नसते, इतकेच.

असे का होते ते पाहू. पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवण्याचे काम या कार्डावरील चिप करते. प्रत्येक चिपची बोली वेगळी. विंडोज किंवा लिनक्स ही कार्यप्रणाली त्या सर्व बोली जाणत नाही. म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. दुभाषा नसेल तर विंडोज एका सर्वसामान्य, कामचलाऊ ड्रायव्हरवर वेळ निभावते. त्याचे नाव ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’. हे नाव दिसले, की समजावे: कार्डाशी जेमतेम खुणांनी बोलणे चालले आहे. चिपमधील खरी शक्ती तोवर निजलेली असते.

आता दुभाषा शोधायचा तर आधी समोरचा कोण, हे कळले पाहिजे. येथे आपल्या ओळखीचा सातबारा आठवा. ‘विहिरीजवळचे शेत’ म्हटल्याने जमिनीची ओळख पटत नाही. गाव आणि गट नंबर लागतो. १९९२ साली पीसीआय नावाची जोडणीची पद्धत आली, तेव्हापासून अशीच व्यवस्था संगणकात आहे. चिपच्या अंगातच दोन क्रमांक असतात. पहिला उत्पादकाचा, तो गावासारखा. दुसरा त्या विशिष्ट चिपचा. तो गट नंबरासारखा. याशिवाय कार्ड कोणत्या कंपनीने बांधले, हे सांगणारी आणखी एक जोडी असते. तिला पोटहिस्सा म्हणू या. स्टिकर फाटेल, खोका हरवेल. हे क्रमांक मात्र कार्डाबरोबरच राहतात.

हे क्रमांक सोळा चिन्हांच्या पद्धतीत लिहितात: शून्य ते नऊ हे अंक आणि पुढे ए ते एफ ही रोमन अक्षरे. उत्पादकांचे तीन क्रमांक ध्यानात ठेवले तरी बहुतेक काम भागते. १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, आणि ८०८६ म्हणजे इंटेल. यांतला शेवटचा तर गमतीचा आहे. १९७८ साली इंटेलने काढलेल्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नावच ८०८६ होते.

ते पाहायचे कसे? विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. अनोळखी कार्ड तेथे पिवळ्या खुणेसह किंवा ‘बेसिक डिस्प्ले’ या नावाने दिसेल. त्यावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’, आणि तेथील यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. जी ओळ दिसेल तिच्यात ‘व्हेन’नंतरची चार चिन्हे उत्पादकाची व ‘डेव्ह’नंतरची चार चिपची. लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा हेच काम करते. चेक संगणकतज्ज्ञ मार्टिन मारेश यांनी सुरू केलेली या क्रमांकांची यादी सर्वांना खुली आहे. तीत क्रमांक घातला, की नाव मिळते.

उतरवून घेताना मात्र एकही चिन्ह चुकू नये. एनव्हिडियाचा १सी८२ म्हणजे ‘जीटीएक्स १०५० टीआय’, आणि १सी८१ म्हणजे साधे ‘१०५०’. उलट एएमडीच्या ‘आरएक्स ५७०’ आणि ‘आरएक्स ५८०’ या दोन्ही कार्डांचा क्रमांक ६७डीएफ हा एकच आहे. तेथे शेवटी येणारा ‘रेव्ह’ हा आवृत्तीचा क्रमांक पाहावा लागतो. गट एकच, हिस्से निराळे, असा हा प्रकार.

नाव कळले, की ड्रायव्हर चिपच्या उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीकडे पाहावे, कारण त्यांत पुष्कळदा दोन चिपा असतात आणि त्यांची सांगड कंपनीने घातलेली असते. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्षणात’ अशी जाहिरात करणाऱ्या अनोळखी ठिकाणांच्या वाटेला जाऊ नये. तेथून दुभाष्याच्या वेषात चोर घरात येण्याचा संभव असतो. ड्रायव्हरबरोबर क्रमांकांची एक यादीच येते आणि विंडोज आपल्या कार्डाचा क्रमांक तीत आहे की नाही हे ताडून पाहते. म्हणून चुकीचा ड्रायव्हर बहुधा बसतच नाही. तो बळेच बसवण्याच्या भरीस पडू नये.

कार्डाचे वयही विचारात घ्यावे. नवीनतम ड्रायव्हर तोच योग्य, असे नाही. २०१० च्या सुमाराची ‘जीटीएस ४५०’ किंवा तिच्या पुढची ‘जीटीएक्स ५५० टीआय’ ही कार्डे २०१८ च्या ३९१ मालिकेपर्यंतच चालतात. ‘१०५० टीआय’ला ५८० ही शेवटची मालिका. त्यापुढचा ड्रायव्हर या कार्डांना ओळखतच नाही.

आता फसवणुकीविषयी. एका घराची काही महिन्यांची बचत येथे पणाला लागलेली असते, म्हणून हे नीट ऐका. वर सांगितलेली जुनी कार्डे घेऊन, त्यांच्या स्मृतीतील लेख बदलून, ती ‘१०५० टीआय’ म्हणून विकण्याचा धंदा चाललेला आहे. सातबाऱ्यावर खाडाखोड करावी तसेच हे. येथे डिव्हाइस मॅनेजरवर विसंबता येत नाही. ‘जीपीयू-झेड’ हा मोफत कार्यक्रम चिप प्रत्यक्ष तपासतो आणि २०१८ पासून एनव्हिडियाच्या नावाची अशी बनावट कार्डे ओळखून तसे सांगतो. डोळ्यांनीही एक पारख होते: खऱ्या ‘१०५० टीआय’च्या चिपमध्ये जुन्या व्हीजीए तारेचा संकेत देण्याची सोयच नाही. म्हणून त्या नावाच्या कार्डाला निळे, पंधरा छिद्रांचे व्हीजीए तोंड दिसले, की हात मागे घ्यावा.

दुसरी गोष्ट, १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्या ‘खाणी’त रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांत ‘पी१०६’सारखी काही अशी, की ज्यांना पडद्याची तार जोडायला तोंडच नाही. राबलेला बैल घेऊ नये असे नाही. पण दात पाहून, चालवून आणि भाव पाडून घ्यावा.

एवंच, कार्डाला निरुपयोगी ठरवण्यापूर्वी त्याला त्याचा क्रमांक विचारावा. तो कळल्यावरही, योग्य ड्रायव्हर घालूनही, चित्र फाटत असेल किंवा ‘कोड ४३’ ही तक्रार हटत नसेल, तर मग कार्ड आजारी आहे असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु ‘कोड २८’ दिसत असेल, तर त्याचा अर्थ एवढाच, की ड्रायव्हर बसवलेला नाही. तेवढ्यासाठी चालते यंत्र भंगारात देणे म्हणजे भाषा येत नाही म्हणून शहाण्या पाहुण्याला दारातून परत पाठवण्यासारखे आहे. चार चिन्हे वाचण्याचे कष्ट घेतले, तर तोच पाहुणा आणखी काही वर्षे आपल्या मुलांच्या अभ्यासाच्या कामी येईल.