तिसऱ्या खात्यातला रिकामा कामगार

संपादकांनी लेख मागितला होता पिंपरीवर. १९५४ साली उभी राहिलेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, आणि 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना' या जिवाणूपासून तिथं मिळालेलं हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध. जिवाणूला गावाचं नाव, औषधाला कंपनीचं. विषय झकास होता. पण वाचताना एक प्रश्न डोक्यात शिरला: डोळ्यांना न दिसणारा हा जीव औषध बनवतो ते नेमकं कशानं? त्याच्या मागे लागले आणि पिंपरी मागेच राहिली. पोहोचले एरिथ्रोमायसिनपाशी, कारण तिथलं यंत्र शास्त्रज्ञांनी अगदी खिळ्या-मोळ्यांसकट उलगडलंय.

इतिहास थोडक्यात उरकते. १९४९ मध्ये फिलिपाइन्समधल्या इलोइलोहून डॉ. आबेलार्दो अगिलार यांनी एलाय लिली कंपनीला मातीचा नमुना पाठवला. त्यातल्या जिवाणूचं औषध १९५२ मध्ये बाजारात आलं. यंत्राची जनुकं मात्र वाचली गेली १९९०-९१ च्या सुमारास. केंब्रिजमध्ये पीटर लेडली आणि अमेरिकेत लेनर्ड कॅट्झ, अशा दोघांच्या गटांनी ती स्वतंत्रपणे वाचली.

यंत्राचं नाव डेब्स. तीन अजस्र प्रथिनं, प्रत्येकात दोन खाती, एकूण सहा. स्लॅब टाकताना घमेलं जसं हातोहात वर जातं, तसा अर्धवट रेणू एका खात्यातून दुसऱ्यात जातो. फरक इतकाच की इथं घमेलं दर हाताला भरत जातं. प्रत्येक खात्यात एक एन्झाइम माल निवडतं, दुसरं तो साखळीला जोडतं. आणि सुमारे २ नॅनोमीटर लांबीचा एक लवचीक हात साखळी धरून या एन्झाइमकडून त्या एन्झाइमकडे फिरत राहतो. साखळी मध्येच सुटून खाली पडत नाही. सहावं खातं संपलं की शेवटचं एन्झाइम ती कापतं आणि तिची दोन टोकं जुळवून १४ अणूंचं कडं करतं.

जोडणीनंतर प्रत्येक सांध्यापाशी एक कीटोन गट उरतो. तो घासून-पुसून अल्कोहोल करणं हे कीटोरिडक्टेज या एन्झाइमचं काम. चौथ्या खात्यात तर त्याच्या मदतीला आणखी दोघं आहेत, ते तिथला ऑक्सिजनच काढून टाकतात. तिसऱ्या खात्यात कीटोरिडक्टेजची जागा आहे, त्या जागेवर प्रथिनही बसलंय, पण या कामाला लागणारं हत्यार, एनएडीपीएच, त्याला हातात धरताच येत नाही. कीटोन तसाच पुढे जातो. शोधनिबंधांत या गड्यापुढे 'निष्क्रिय' असा शेरा मारलेला.

मला हा गडी भलताच आवडला. हजेरीपटावर नाव, काम शून्य. असा एखादा कोणत्या ऑफिसात नसतो? पण २०१४ च्या सुमारास डेव्हिड केन आणि चैतन खोसला (हे पवईच्या आयआयटीतून १९८५ मध्ये बाहेर पडलेले) यांच्या गटांनी दाखवलं की तो रिकामा बसलेलाच नव्हता. साखळीच्या कडेला लटकणारा मिथाइल गट तो एका बाजूचा दुसऱ्या बाजूला वळवून देतो. शेरा मारणारे इतकी वर्षं फक्त कीटोनकडे बघत होते.

त्यानं सोडलेल्या त्या कीटोनची कहाणी तर आपल्या पोटापर्यंत येते. जठरातल्या आम्लात कड्यावरचाच सहाव्या कार्बनचा हायड्रॉक्सिल गट नवव्या कार्बनच्या या कीटोनवर झडप घालतो आणि औषध वाया जातं. म्हणून एरिथ्रोमायसिनच्या गोळ्यांना आम्लात न विरघळणारं आवरण द्यावं लागलं. जपानच्या तैशो कंपनीनं त्या हायड्रॉक्सिलचं तोंड मिथाइलनं बंद केलं, ते क्लॅरिथ्रोमायसिन. झाग्रेबच्या प्लिवा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये उलट केलं: कीटोनलाच धरलं, त्याच जागेवरून कड्यात एक नायट्रोजन घुसवला आणि ते १५ अणूंचं केलं. घसा धरला की आपण मेडिकलमध्ये जाऊन मागतो ते अझिथ्रोमायसिन हेच. आजही ते एरिथ्रोमायसिनपासूनच बनतं.

मग खाती अदलाबदल करून हवं ते औषध का बनवू नये? नव्वदच्या दशकात हे स्वप्न जोरात होतं. कागदावर सोपं: चौथं काढा, दुसरीकडचं बसवा. काही जोडण्या चालल्याही, पण बहुतेक वेळा उत्पादन इतकं घसरलं की माल मोजायलाही सूक्ष्म उपकरणं लागावीत. एक तर दोन प्रथिनांची टोकं एकमेकांना ओळखावी लागतात. त्यात पुढचं खातं आलेली साखळी पारखतं, अनोळखी वाटली तर हात आखडता घेतं. शिवाय खोसलांच्या गटाला आढळलं की खातं भरलेलं असताना त्याचं दार फिरत्या फाटकासारखं बंद राहतं. आतली साखळी पुढे गेल्याशिवाय नवी आत येत नाही. २००१ मध्ये त्यांनी हे आख्खं यंत्र ई. कोलाय या जिवाणूत चालवून एरिथ्रोमायसिनचं मूळ कडं बनवून दाखवलं. कारखान्यांच्या टाक्यांत मात्र अजूनही मातीतल्या त्या जुन्या जिवाणूचेच वंशज घुसळले जातात, निवडून निवडून तगडे केलेले.

दुसरी अडचण जिवाणूच्या घरातलीच. एरिथ्रोमायसिन रायबोसोमच्या बोगद्यात अडकून प्रथिनं बनणं थांबवतं. मग बनवणारा स्वतः कसा वाचतो? त्याच्याकडे 'ईआरएम-ई' नावाचं एन्झाइम आहे. ते त्याच्या स्वतःच्या रायबोसोमवर एका ठरावीक जागी दोन मिथाइल गट चिकटवतं, की औषधाला तिथं बसताच येत नाही. आपल्या घशातल्या आणि जखमेतल्या जंतूंपैकी ज्यांच्यावर ही औषधं चालेनाशी झाली, त्यांतल्या पुष्कळांकडे याच कुळातली जनुकं सापडतात, आणि ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातातही. त्या मातीतल्या जिवाणूत मात्र ईआरएम-ईचं जनुक औषध बनवणाऱ्या जनुकांच्या रांगेतच बसलेलं असतं, शेजारी शेजारी.