दातावरचं निळं जेल: भीती कशाची, काळजी कशाची

दातात सिमेंट भरून घरी आलेला माणूस ‘डॉक्टरांनी आधी ॲसिड लावलं’ असं सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बाथरूमच्या फरशीवर फेसाळणारं ॲसिड येतं. मग पुढे दात ठणकला किंवा भरलेलं निघून आलं, की त्याचं खापर त्या निळ्या जेलवर फुटतं. माझ्या मते हे जेल दातांवर सर्वांत मोठे उपकार करणाऱ्या शोधांपैकी एक आहे, आणि लोकांची भीती भलत्याच जागी जाऊन बसली आहे.

‘ॲसिडने दात झिजतो, कायमचा कमकुवत होतो’ हा पहिला आणि सर्वांत पक्का गैरसमज. हे ॲसिड सौम्य असतं असं सांगून धीर देण्यात अर्थ नाही. ते ३७ टक्क्यांच्या आसपासचं फॉस्फोरिक ॲसिड असतं आणि चांगलंच तीव्र असतं. प्रश्न ते किती वेळ आणि कुठे टेकतं, हा आहे. दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं आणि दाढेच्या टोकांवर त्याची जाडी दोन ते अडीच मिलिमीटर असते. जेल त्यावर १५ ते ३० सेकंद राहतं आणि मग पाण्याच्या फवाऱ्याने धुतलं जातं. तेवढ्या वेळात साधारण १० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, इतका थर जातो. गेलेलं एनॅमल पुन्हा उगवत नाही हे खरं, पण ती जागा उघडी राहत नाही, तिच्यावर लगेच रेझिन, म्हणजे प्रकाशाखाली कडक होणारं पातळ द्रव्य, बसतं. आजूबाजूला चुकून जेल लागलेला भाग लाळेतल्या कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे हळूहळू सावरतो. हिरडीला लागलं तर तिथे पांढरा चट्टा येऊ शकतो. म्हणून तर जेल दाट असतं आणि निळं असतं: ते ओघळू नये आणि डॉक्टरांना नेमकं दिसावं.

तरी ॲसिड लागतंच कशाला? पूर्वी दातात चांदी भरत, ती दाताला चिकटत नसे. ती टिकावी म्हणून खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरावा लागे, आणि त्यासाठी कीड न लागलेला चांगला दातही कापला जाई. १९५५ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे, मायकेल ब्युनोकोर या दंतवैज्ञानिकाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. रंग घट्ट बसावा म्हणून कारखान्यांत धातूवर आधी फॉस्फोरिक ॲसिड लावतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने ८५ टक्क्यांचं ॲसिड ३० सेकंद एनॅमलवर लावलं आणि त्यावर ॲक्रिलिक बसवलं. ते ॲसिड न लावलेल्या दातांवरच्या ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकून राहिलं. दंतवैद्यांनी ही पद्धत सर्रास वापरायला आणखी बरीच वर्षं गेली. आज मात्र दातांच्या रंगाचं सिमेंट, तुटलेल्या पुढच्या दाताची डागडुजी, दात सरळ करायच्या तारेसाठी चिकटवलेले ब्रॅकेट हे सगळं त्याच पायावर उभं आहे.

‘ते जेल म्हणजेच चिकटवायचा गोंद’ असंही पुष्कळांना वाटतं. जेल काहीच चिकटवत नाही, ते तर पूर्ण धुऊन टाकलं जातं. गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावतात, तसं काम ते करतं. एनॅमल चार-पाच मायक्रोमीटर जाडीच्या, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या असंख्य दांड्यांचं बनलेलं असतं. ॲसिड या दांड्यांचा गाभा आणि कडा सगळीकडे सारख्या प्रमाणात खात नाही, त्यामुळे पृष्ठभाग सूक्ष्म छिद्रांनी भरून जातो. मग पातळ रेझिन त्या छिद्रांत उतरतं आणि निळ्या प्रकाशाखाली कडक होतं. हजारो बारीक खुंट्या दातात रुतून बसल्यावर वरचं सिमेंट सहजी हलत नाही. हा बदल साध्या डोळ्यांनाही दिसतो. जेल धुऊन हवेने दात वाळवला की तेवढ्याच भागाची चमक गेलेली असते आणि तो पांढराफटक, निस्तेज दिसतो. ही खूण पटल्यावरच डॉक्टर पुढे जातात. तुम्हीही हातात आरसा मागून पाहू शकता.

आणि इथेच खरा शत्रू येतो: लाळ. त्या पांढऱ्या पडलेल्या जागेला लाळ लागली, तर तिच्यातली प्रथिनं क्षणात छिद्रांवर पसरतात आणि रेझिनला आत वाव राहत नाही. सिमेंट पुढे काही महिन्यांत निघून येतं, कडेने काळी रेघ धरते, आतून पुन्हा कीड लागते. लोक म्हणतात ॲसिडने दात खाल्ला. बहुतेक वेळा दात ओला राहिलेला असतो. लाळ लागलीच तर डॉक्टरांनी ती जागा धुऊन पुन्हा थोडा वेळ जेल लावायला हवं. दाताभोवती रबराचा पडदा लावणारे, गालात कापसाचे बोळे ठेवणारे, ‘जरा वेळ तोंड मिटू नका’ म्हणून पुन्हा पुन्हा बजावणारे डॉक्टर तुमचाच फायदा पाहत असतात. तेवढी कळ काढा. घाईत भरलेल्या सिमेंटचं मला जास्त भय वाटतं.

‘जास्त वेळ ठेवलं तर जास्त घट्ट’ हेही खरं नाही. एनॅमलच्या आत डेंटिन असतं. त्यात खनिज कमी, वजनाने ७० टक्क्यांच्या आसपास, आणि बाकी कोलॅजन नावाचं प्रथिन व पाणी. तिथे १५ सेकंदांहून जास्त ॲसिड ठेवलं, तर कोलॅजन इतकं खोलवर उघडं पडतं की रेझिन तळापर्यंत पोचतच नाही. डेंटिन फार कोरडं केलं तरी कोलॅजनची जाळी दबून बसते. म्हणजे एनॅमल कोरडं हवं आणि डेंटिन किंचित ओलसर. ही कसरत टाळण्यासाठी काही डॉक्टर फक्त एनॅमलच्या कडांना जेल लावतात आणि आतल्या भागासाठी स्वतःच सौम्य आम्लधर्मी असलेलं चिकटद्रव्य वापरतात. दोन्ही पद्धती रीतसर आहेत. सिमेंट भरल्यावर काही दिवस दात शिवशिवतो, त्याचं कारणही बहुधा डेंटिनमध्येच असतं, किंवा सिमेंट कडक होताना ते किंचित आकसतं, किंवा ते थोडं उंच राहिलेलं असतं. चावताना टोचत असेल, तर ‘बसेल आपोआप’ म्हणत थांबू नका, जाऊन घासून घ्या.

दात पांढरे करायला लिंबू चोळणाऱ्यांचा युक्तिवाद असा की डॉक्टर ॲसिड लावतात, मग आपण का नको. डॉक्टर मोजून काही सेकंद लावतात आणि वर रेझिनचा थर देतात. लिंबू रोज रोज लागतं आणि वर झाकण काहीच नाही. इथे दात खरोखर झिजतो, आणि मग गार पाण्यानेही सणक येते.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने पिवळे-तपकिरी डाग पडलेले दात पुष्कळांचे असतात. त्या एनॅमलचा बाहेरचा थर ॲसिडला लवकर दाद देत नाही. तिथे डॉक्टर जेल जास्त वेळ ठेवतात किंवा वरचा थर किंचित घासून घेतात, ते बरोबरच असतं. ब्लीचिंग केल्यावर मात्र सिमेंट भरायला एक-दोन आठवडे थांबावं, कारण उरलेला ऑक्सिजन रेझिनला नीट कडक होऊ देत नाही. दुखऱ्या दातावर लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यातलं युजेनॉलही रेझिनच्या आड येऊ शकतं.

या जेलचा सर्वांत चांगला उपयोग मात्र कीड लागायच्या आधीचा आहे, आणि तोच आपल्याकडे मागे पडतो. मूल सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. अनेक आईवडील तिला दुधाचीच समजतात. तिच्या खोल खाचांत ब्रशचे केस पोचत नाहीत. तिथे अर्धं मिनिट जेल लावून, धुऊन, वाळवून वर रेझिनचा पातळ थर दिला की खाचा बुजतात. इंजेक्शन नाही, कोरणं नाही. दर सहा महिन्यांनी तो थर डॉक्टरांकडून पाहून घ्यावा, आणि कुठे निघाला असेल तर तेवढ्याच जागी पुन्हा लावून घ्यावा.