शेजारच्या सीटवरून : मुलांची लायसन्सची परीक्षा आणि आपण

आजचा विषय फलकावर लागला तेव्हा संयोजकांना एका गृहस्थांनी विचारलं म्हणे, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? अर्ज भरायचा, एक दिवस सुट्टी टाकायची, आरटीओत जायचं, लायसन्स घेऊन यायचं. (हशा) हसू नका, बहुतेक घरांत हे असंच होतं. दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी आपण दोन-दोन वर्षं घर डोक्यावर घेतो. टीव्ही बंद, पाहुणे बंद. आणि ज्या परीक्षेनंतर पोरगं हजारभर किलोचं यंत्र घेऊन रस्त्यावर एकटं निघणार आहे, तिच्या तयारीला आपण देतो एक सकाळ. मी गाडी शिकवते, त्यामुळे ही सकाळ मला चांगलीच माहीत आहे.

आधी वयाचं बोलून टाकू, कारण तिथेच मोठा गोंधळ आहे. गिअरची मोटरसायकल किंवा कार, वय 18 पूर्ण. 16 व्या वर्षी, पालकांच्या संमतीने, जे लायसन्स मिळतं ते बिनगिअरच्या आणि 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. आता तुमच्या घरातली स्कूटर आठवा. ती 110 किंवा 125 सीसीची आहे. म्हणजे अकरावीतली मुलगी 'विदाउट गिअर'चं लायसन्स दाखवून ती स्कूटर क्लासला नेते, तेव्हा ती कायद्याने विनालायसन्सच असते. बिनगिअर एवढाच शब्द लोक लक्षात ठेवतात, पन्नासचा आकडा विसरतात. सोयीचं असतं ना ते!

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 199अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द आणि त्या मुलाला वयाची 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 च्या पहाटे जे झालं, ते तुम्हाला सांगायला नको. दोन तरुण माणसं गेली, आणि गाडी चालवणारा 17 वर्षांचा होता असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर काही दिवस सगळ्या सोसायट्यांमध्ये चाव्या कपाटात गेल्या. मग हळूहळू पुन्हा खुंटीवर आल्या.

असो. आता मुलगा 18 चा झाला आहे, लर्निंग लायसन्स हातात आहे, असं धरून पुढे जाऊ.

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं. पक्क्या लायसन्सची परीक्षा ते मिळाल्यानंतर किमान 30 दिवसांनी देता येते. आपल्याकडे या 30 चा अर्थ काय लावतात? एकतिसाव्या दिवशी परीक्षा! मी म्हणते, हातात सहा महिने आहेत, निदान तीन तरी वापरा. एक पावसाळा मिळाला तर फारच छान. कोरड्या रस्त्यावर शिकलेल्या मुलाला पहिला पाऊस एकट्याने भेटू नये.

या काळात तीन गोष्टी लागतात. लर्निंग लायसन्स जवळ असलं पाहिजे. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा, तोही नियमाप्रमाणे 18 सेंटीमीटर चौकोनाचा, काचेवर खडूने काढलेला नव्हे. आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला. शेजारी बसून फोन बघणारे बाबा या व्याख्येत बसत नाहीत.

परीक्षेत काय असतं, हे विचारलं की मुलं सांगतात, कारला 'एच' आणि दुचाकीला आठचा आकडा. काही ठिकाणी सेन्सर लावलेला ट्रॅक असतो, काही ठिकाणी साधं मैदान आणि शेजारी बसलेले निरीक्षक. ट्रॅक काहीही असो, कायद्याची यादी वेगळी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, त्यातला नियम 15. तो घरी मुलाबरोबर बसून वाचा, वीसहून जास्त मुद्दे आहेत. आरसा जुळवणं आणि पट्टा बांधणं इथून सुरुवात होते. मग चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणं, उतारावर चटकन खालचा गिअर घेणं, लेन बदलताना इशारा देणं, अरुंद जागेत मागे घेत गाडी घालणं, झेब्रा क्रॉसिंगवर नीट वागणं, वळण्याआधी आणि थांबण्याआधी आरशात बघणं. दुसरा माणूस आता काय करणार याचा अंदाज घेणं, हेही त्यात आहे. आणि इतरांशी सौजन्याने वागणं, हेसुद्धा! मला ही यादी फार आवडते. कुणीतरी शहाण्या माणसाने लिहिली आहे. परीक्षेच्या पाच-दहा मिनिटांत ती सगळी तपासून होत नाही, हे मान्य. म्हणूनच ती आपण तपासायची. 'एच' पाठ करून आलेलं पोरगं 'एच' काढतं, पण स्टेअरिंग कुठल्या खांबाशी किती फिरवायचं हे त्याने पाठ केलेलं असतं, खांब बदलला की संपलं.

आता एक गोष्ट सांगते, आमच्याच धंद्यातली आहे. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. तो सुरक्षेसाठीच आहे, हवाच. पण दहा-दहा मिनिटांत विद्यार्थी बदलायचे असले की शिक्षक अर्धी गाडी स्वतःच चालवतो. मुलाला वाटतं, आपल्याला क्लच जमला. घरच्या गाडीत बसतो आणि गाडी चार वेळा बंद पडते. तेव्हा क्लास लावताना शिक्षकांना स्पष्ट सांगा, शेवटच्या पाच दिवसांत तुमचे पाय मॅटवर ठेवा, अगदीच धोका असेल तरच उचला. चांगला शिक्षक यावर रागवत नाही. आणि परीक्षा ज्या गाडीवर द्यायची, तिच्यावरच शेवटचे दोन-तीन दिवस सराव घ्या. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो.

चढ हा सगळ्यांचा भीतीचा विषय. त्याची रीत सोपी आहे, फक्त क्रम चुकू द्यायचा नाही. हँडब्रेक वर, पहिला गिअर, क्लच सावकाश सोडत यायचा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथे पाय थांबवायचा. थोडा अॅक्सिलरेटर, मग हँडब्रेक खाली. त्या जड आवाजाची ओळख सपाट मैदानावर वीस-पंचवीस वेळा करून घ्या, मग पुलाचा चढ. मागे दहा गाड्या हॉर्न वाजवतायत आणि पोरगं पहिल्यांदाच चढ शिकतंय, असं करू नका हो.

दुचाकीच्या आठमध्ये मुलं पाय टेकतात, कारण ती पुढच्या चाकाकडे बघतात. नजर वळणाच्या पलीकडे ठेवायची. गाडी नजरेच्या मागे जाते. वेग एकसारखा मंद ठेवायचा, मागचा ब्रेक हलकेच लावून. पुढचा ब्रेक वळणात दाबला की गाडी कललीच म्हणून समजा.

आता शेजारच्या सीटकडे येऊ. खरी अडचण तिथे बसलेली असते. (हशा) आपण शेजारी बसून काय बोलतो? "अरे अरे अरे!" "अगं बघ ना!" "मारशील आता!" यातून मुलाला काय कळलं? काहीच नाही, फक्त हात थरथरला. 40 च्या वेगाने गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते, म्हणजे जवळजवळ तीन गाड्यांची लांबी. तुमच्या "अरे अरे"चा अर्थ लावण्यात त्याचा तो सेकंद गेला. सूचना लवकर द्या, आणि कुठे ते आधी, काय ते नंतर. "पुढच्या सिग्नलला, डावीकडे." "त्या टेम्पोच्या मागे, वेग कमी." जे चुकलं त्यावर चर्चा गाडी चालू असताना नाही. बाजूला घ्या, थांबा, मग बोला. आणि जुनी उणीदुणी, म्हणजे बारावीचे मार्क, मित्र, केस, ही गाडीत काढायची नाहीत. अर्धा तास नुसता क्लच-ब्रेक. बऱ्याच घरांत बापलेकांचं एवढं शांत बोलणं वर्षानुवर्षं झालेलं नसतं, हा आपला वरचा फायदा.

एक युक्ती सांगते. मुलाला बोलत गाडी चालवायला लावा. जे दिसतंय आणि जे होऊ शकतं, ते मोठ्याने. "डावीकडे रिक्षा थांबलीये, उतारू उजव्या बाजूनेच उतरेल. पुढे बसस्टॉप, लोक बससमोरून धावत येतील. चेंडू आला, मागून पोरगं येणार." पहिल्या दिवशी मुलं लाजतात. चार दिवसांनी तुम्हाला कळायला लागतं की त्याची नजर किती लांब जाते. जो फक्त बॉनेटपुढचं बोलतो, तो अजून तयार नाही. नियम 15 मधलं ते अंदाज घेणं म्हणजे दुसरं काही नाही, हेच.

परीक्षेच्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गाडीची कागदपत्रं, विमा, पीयूसी, लर्निंग लायसन्स आदल्या रात्री काढून ठेवा. दुचाकी असेल तर हेल्मेट. सीट आणि आरसे निरीक्षकांसमोर जुळवा, आधी नको. आणि आरशात बघताना मान थोडी हलू द्या. नुसते डोळे फिरवले तर शेजारच्याला कळणार कसं?

नापास झाला तर सात दिवसांनी पुन्हा बसता येतं. तीनदा नापास झाला तर 60 दिवस थांबावं लागतं आणि उजळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. यात काही आकाश कोसळत नाही. आकाश कोसळतं ते दुसऱ्या वाटेने. "काका, तुम्ही फक्त फोटो आणि सहीला या, बाकीचं आम्ही बघतो." अर्ज भरायला कुणाची मदत घेणं वेगळं. इथे मात्र परीक्षाच विकत घेतली जाते. मी पापपुण्याचं बोलत नाही, साधा हिशेब सांगते. आई प्रेमाने बघते, शिक्षक फी घेऊन बघतो. परीक्षक हा एकच परका माणूस आहे, ज्याने तुमच्या मुलाला गाडी चालवताना बघून 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं असतं. तेवढंच आपण पैसे देऊन काढून टाकतो.

आणि पास झाल्यावर? जगभर असं दिसलं आहे की नव्या चालकाला सर्वांत जास्त धोका शिकताना नसतो, तर एकट्याने चालवायला लागल्यावर, पहिल्या काही महिन्यांत असतो. रात्र असली आणि गाडीत बरोबरीची पोरं असली की तो आणखी वाढतो. म्हणून न्यूझीलंडने 1987 मध्ये टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं. आधी शेजारी मोठं माणूस, मग एकट्याने पण रात्री नाही आणि मित्र घेऊन नाही, मग पूर्ण मोकळीक. अमेरिकेतल्या राज्यांनी पुढे तेच केलं, तिकडे तुमचे भाचे-पुतणे असतील तर विचारा. आपल्या कायद्यात असे टप्पे नाहीत. पण चावी तुमच्याकडे आहे ना? पहिले तीन महिने दिवसा आणि एकट्याने किंवा घरच्यांबरोबर. मग एक मित्र. हायवे आणि रात्र शेवटी. हे लायसन्स येण्याआधी ठरवा, आल्यावर कुणी ऐकत नाही.

प्रश्न घेऊ. त्या मागच्या ताई.

*(श्रोत्यांतून : मुलगी एकदा नापास झाली, आता स्टेअरिंगला हात लावत नाही.)*

महिनाभर परीक्षेचं नाव काढू नका. तिला रोजच्या कामाला गाडी द्या. दूध आणायचं, आजीला दवाखान्यात न्यायचं. तुम्ही शेजारी, 'एल' लावलेला. फक्त लर्निंगची मुदत बघून ठेवा, सहा महिने संपत आले असतील तर आधी ते काम करा. आणि नेमकी कशात अडकली ते निरीक्षकांनी सांगितलं असेल तर तेवढंच घ्या. "मला गाडी येत नाही" हे तिचं वाक्य असतं. खरं वाक्य बहुतेक वेळा "मला मागे घेताना डावी बाजू कळत नाही" एवढंच निघतं.

हां, तुम्ही बोला मावशी.

*(श्रोत्यांतून : मला स्वतःलाच गाडी येत नाही. घरात मी आणि मुलगाच. मग मी काय करू?)*

शेजारी लायसन्सवालाच लागेल. मामा, काका, शेजारचे कुणी, रविवारी सकाळी एक तास मागा, लोक देतात. तुम्ही मागच्या सीटवर बसा, वही घेऊन. त्याने अर्ध्या तासात आरशात किती वेळा बघितलं, इशारा न देता किती वेळा वळला, एवढंच मोजायचं. त्याला गाडी येत नसली तरी मोजता येतं. पहिल्या रविवारचे आकडे बघून तो भांडेल तुमच्याशी, भांडू द्या, पण वही पुढच्या रविवारीही न्या. आणि पट्टा मागच्या सीटवरही लावायचा बरं का, तोही नियमच आहे.