शेरीफ आणि पिशाच

‘शेरीफ’ हा शब्द मराठी श्रोत्यांना अगदीच अपरिचित नाही. मुंबई शहरात इंग्रजी अमदानीपासून शेरीफाचे, म्हणजेच नगरपालाचे, पद चालत आले. १९८० साली हा मान अभिनेते दिलीपकुमार यांना लाभला होता. परंतु मुंबईच्या शेरीफाने चोर पकडावा अशी कोणाची अपेक्षा नसते. ते पद केवळ सन्मानाचे. अमेरिकेतील शेरीफ याहून अगदी निराळा. शब्द तोच, जुन्या इंग्रजीतून आलेला, परगण्याचा कारभारी अशा अर्थाचा. पण अटलांटिक महासागर ओलांडल्यावर त्याच्या छातीवर धातूचा तारा चढला आणि कमरेला पिस्तूल आले. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक परगणे आहेत आणि बहुतेक राज्यांत परगण्याचा शेरीफ लोकांनी मते देऊन निवडलेला असतो. प्रसंग पडल्यास गावातील धडधाकट माणसांना हाक मारून त्यांची सशस्त्र टोळी उभारण्याचा त्याचा अधिकारही फार जुना आहे.

अमेरिकन चित्रपटाने या शेरीफाला प्रथम पश्चिमेकडील गुराख्यांच्या कथांत नायकपद दिले आणि पुढे त्याला भुतांसमोर उभे केले. ही गोष्ट वाटते तितकी सहज नाही. मराठी लोककथेत झपाटलेल्या माणसाला घेऊन नातलग देवऋषीकडे जातात, फौजदाराकडे नव्हे. युरोपातील कथांत हे काम धर्मगुरूकडे किंवा एखाद्या विद्वानाकडे येते. १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत रक्तपिपासू सरदाराचा माग काढणारा व्हॅन हेलसिंग हा डॉक्टर आणि पंडित आहे. अमेरिकन भयपटात मात्र संकटाची पहिली खबर बहुधा जाते ती शेरीफाच्या कचेरीत. त्याच्यापाशी ना मंत्र, ना पोथी. त्याची साधने तीनच : पुरावा, हद्द आणि बंदूक. पिशाच या तिन्हींना जुमानत नाही. ते पुरावा मागे ठेवत नाही, परगण्याची सीमा मानत नाही आणि गोळीने मरतेच असेही नाही. म्हणून या चित्रपटांतील खरा प्रश्न, भूत आहे की नाही, हा नसतो. ज्याच्या हाती लोकांनी आपले रक्षण सोपविले, त्याची नेहमीची साधने निकामी ठरली म्हणजे तो काय करतो, हा असतो.

याचे पहिले उत्तर अविश्वासाचे आहे. जॉन कार्पेंटर यांच्या १९७८ सालच्या ‘हॅलोवीन’ या चित्रपटात पंधरा वर्षे वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेला एक खुनी निसटून आपल्या लहानशा गावी परततो. त्याचा डॉक्टर शेरीफ ब्रॅकेटला परोपरीने सांगतो, की हा माणूस नव्हे, मूर्तिमंत दुष्टपणा आहे. शेरीफ सज्जन आहे. तो मदत करतो, पण अर्ध्या मनाने. त्याच रात्री त्या खुन्याच्या हातून त्याची स्वतःची मुलगी मरते, आणि सहा गोळ्या खाऊन खाली कोसळलेला खुनी पाहता पाहता दिसेनासा होतो. या शेरीफाचे नाव कार्पेंटर यांनी ली ब्रॅकेट या लेखिकेवरून घेतले. १९५९ सालच्या ‘रिओ ब्राव्हो’ या चित्रपटाच्या पटकथेत तिचा वाटा होता. त्या कथेतला शेरीफ मोजक्या सोबत्यांसह तुरुंग राखतो आणि जिंकतो. कारण त्याचे शत्रू माणसे होती. ‘हॅलोवीन’मधील शेरीफाला तेवढी सवलत मिळत नाही.

दुसरे उत्तर याहून विलक्षण आहे. १९८१ सालच्या ‘डेड अँड बरीड’ या चित्रपटात समुद्रकाठच्या गावी परक्या पाहुण्यांचे खून होतात आणि मेलेले ते लोक पुन्हा गावात वावरताना दिसू लागतात. शेरीफ डॅन गिलिस चिकाटीने तपास करतो. धागेदोरे गावातल्या प्रेते सजविणाऱ्या माणसापर्यंत, तेथून त्याच्या स्वतःच्या पत्नीपर्यंत आणि अखेर त्याच्यापर्यंतच येऊन पोचतात. आपलाच खून झालेला तो चित्रफितीत पाहतो. आपणही केव्हाच मृतांत जमा झालो आहोत, हे त्याला कळून चुकते. तपास निर्दोष होता. पण तपास करणारा गुन्ह्याच्या बाहेर नव्हता.

तिसरे उत्तर बलिदानाचे. २००७ सालच्या ‘थर्टी डेज ऑफ नाइट’ची कथा घडते अलास्कातील बॅरो या गावी. उत्तर टोकाच्या या गावात हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. चित्रपटाने त्याचे तीस दिवस केले. त्या दीर्घ रात्रीत रक्तपिपासू पिशाचांची टोळी गावावर तुटून पडते. तरुण शेरीफ एबन उरल्यासुरल्या माणसांना लपवीत दिवस मोजतो. शेवटी त्यांना वाचविण्यासाठी तो पिशाचाचे रक्त आपल्या अंगात टोचून घेतो, पिशाच होऊनच पिशाचांशी लढतो, आणि पहिल्या सूर्यकिरणात पत्नीच्या मिठीत त्याची राख होते. रक्षणासाठी राक्षस व्हावे लागले, पण राक्षस म्हणून जगत राहण्यास तो तयार नाही.

परंतु या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर या सर्वांच्या आधी, १९६८ साली, देऊन झाले होते. जॉर्ज रोमेरो यांनी पेनसिल्व्हेनियात अल्प खर्चात काढलेला ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा तो कृष्णधवल चित्रपट. मेलेली माणसे उठतात आणि जिवंतांना खाऊ लागतात. शेतावरच्या एका घरात सात माणसे अडकून पडतात. त्यांतील बेन हा खंबीर, हिकमती तरुण रात्रभर झुंजतो आणि पहाटे तळघरात एकटाच जिवंत उरतो. इकडे शेरीफ गावकऱ्यांची टोळी घेऊन रान पिंजीत येत असतो. तो घाबरलेला नाही, गोंधळलेलाही नाही. मृतांच्या डोक्यात गोळी घालावी आणि मग त्यांना जाळावे, ही युक्ती त्याला नेमकी ठाऊक आहे. या शेरीफाची बंदूक चालते. बंदुकांचे आवाज ऐकून सुटकेच्या आशेने बेन खिडकीशी येतो. टोळीला दूरून एक आकृती दिसते. शेरीफ हुकूम देतो, गोळी कपाळात बसते, आणि बेनचे शव आकड्यांनी ओढून चितेवर टाकले जाते.

बेनची भूमिका करणारे डुएन जोन्स हे कृष्णवर्णीय नट होते. चित्रपटात त्यांच्या वर्णाचा उल्लेख एकदाही येत नाही. त्यांची निवड उत्तम अभिनयासाठीच झाली, असे रोमेरो सांगत असत. पण प्रेक्षकांना वेगळे सांगण्याची गरजच नव्हती. १९६५ च्या मार्चमध्ये अलाबामातील सेल्मा येथे मताधिकारासाठी निघालेल्या कृष्णवर्णीयांच्या शांत मिरवणुकीवर राज्याच्या पोलिसांबरोबर शेरीफ जिम क्लार्क यांच्या घोडेस्वार टोळीनेही हल्ला चढविला होता. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हा चित्रपट पडद्यावर आला. शेरीफ, टोळी आणि धारातीर्थी पडलेला कृष्णवर्णीय तरुण हे दृश्य पाहताना प्रेक्षकांच्या मनात कोणते चित्र उभे राहिले असेल, याची कल्पना करता येते.

अविश्वासू शेरीफ उशिरा पोचतो, बलिदान करणारा शेरीफ आदरास पात्र होतो. पण रोमेरो यांचा शेरीफ यशस्वी होतो, आणि भय खरे तेथेच आहे. पिशाचांचा बंदोबस्त झाला, परगणा सुरक्षित झाला, आणि त्या यशात एक जिवंत माणूस जळून गेला. चूक झाली हे कोणाच्या लक्षातही आले नाही. संकटाच्या काळी लोक अधिकाऱ्याच्या हाती बंदूक देतात, तेव्हा ती चालविण्याचे कौशल्य त्याच्यापाशी आहे की नाही, हे पाहतात. गोळी सुटण्यापूर्वी क्षणभर थांबून, समोर उभा आहे तो माणूस आहे काय, असे विचारण्याची बुद्धी त्याच्यापाशी आहे की नाही, हेही पाहावे लागते. शेरीफ आणि पिशाच यांच्या या कथा पन्नासांहून अधिक वर्षे टिकल्या, त्या हा प्रश्न जुना झाला नाही म्हणूनच.