दात तारेनं नव्हे, तारेभोवतीच्या थरानं किडतात

मुलाच्या दातांना तार लावायची म्हटलं की घरातली मोठी माणसं आधी एकच भीती बोलून दाखवतात: तारेनं दात किडतात. हा समज अगदीच हवेतून आलेला नाही, कारण तार काढल्यावर काही मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे डाग खरोखर दिसतात. पण ते डाग कुठे पडतात ते पाहा. दाताला चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या कडेनं, बहुतेकदा हिरडीकडच्या बाजूला, डाग असतो. ब्रॅकेटखाली झाकलेला चौकोन मात्र सहसा धडधाकट निघतो. धातूनं दात किडत असते तर उलट दिसलं असतं. खरं कारण आहे दातांवर साचणारा चिकट थर, म्हणजे प्लाक. त्यातले जिवाणू साखरेचं आणि पिठाचं आम्ल करतात. आम्लता वाढून पीएच ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. लाळ ती हानी भरून काढते, पण त्याला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. तारेमुळे या थराला आडोसा मिळतो, एवढाच तारेचा दोष. म्हणून फक्त चॉकलेट बंद करून भागत नाही. शेगावची कचोरी गोड नसते, तरी तिच्या मैद्याचे कण तारेखाली अडकतात, बिस्किटांचंही तेच.

“डॉक्टर दर महिन्याला बघतातच की,” हा दुसरा समज. तार आवळायला साधारण चार ते सहा आठवड्यांनी बोलावतात. नॉर्वेतल्या ओगार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं, की दातावर थर तसाच साचू दिला तर डोळ्यांना दिसणारा पांढरा डाग चार आठवड्यांत उमटू शकतो. म्हणजे दोन भेटींच्या मधल्या काळातच नुकसान होऊन जातं. त्यात संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातल्या गावाहून यायचं, तर पेरणीत किंवा परीक्षेत एखादी तारीख हुकतेच. दात सरळ करणं डॉक्टरांचं काम आहे; ते शाबूत ठेवणं मात्र घरातच होऊ शकतं.

यावर आक्षेप येतो: ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं, आणि जोर लावला तर तार निघेल. रक्त हे बहुतेकदा सुजलेल्या हिरडीचं लक्षण असतं आणि ती सूज थरामुळे येते. हाराल्ड ल्यो यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या १२ निरोगी व्यक्तींना दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. तेव्हा रक्त दिसलं म्हणून ब्रश ठेवून देणं उपायाच्या उलट आहे. नीट घासूनही रक्त थांबलं नाही, तर दाखवून घ्यावं. ब्रॅकेट सुटते ती मऊ ब्रशनं नव्हे, तर ऊस दातांनी सोलल्यानं, भाजलेलं कणीस चावून खाल्ल्यानं, चिक्की फोडल्यानं. कणसाचे दाणे काढून, उसाचा रस करून हीच चव मुलाला देता येते.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक समज आहे: आमचं पाणीच खारं, म्हणून दातांवर थर बसतो. खाऱ्या पाण्याचे त्रास खरे आहेत, पण दातांवरचा कडक थर बनतो तो न घासलेल्या प्लाकमध्ये लाळेतली खनिजं बसून. फ्लोराइडच्या पेस्टचीही अनेकांना भीती वाटते, कारण यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडयुक्त पाण्यानं दातांवर पडलेले डाग विदर्भानं पाहिलेत. ते डाग लहानपणी, दात हाडात घडत असताना, फ्लोराइड जास्त प्रमाणात पोटात गेल्यानं पडतात. तार बहुधा अकरा-बारा वर्षांनंतर लागते. तोवर अक्कलदाढा सोडून बाकीच्या दातांचं कवच घडून झालेलं असतं, आणि पेस्ट थुंकायची असते. तेव्हा १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट या मुलांसाठी ढालच आहे. राखुंडी किंवा मीठ-कोळशात ती ताकद नाही. उलट ते कवच खरवडतात.

“आता मोठा झाला, त्याचं तो घासेल,” हा शेवटचा आणि सर्वांत महागात पडणारा समज. तारेचे दात घासणं हे वेगळं कौशल्य आहे. ब्रश आधी तारेच्या वर, मग खाली तिरका धरायचा, प्रत्येक दातावर थांबायचं, आणि तारेखालून फटीचा बारीक ब्रश फिरवायचा. नुसतं माउथवॉशनं चूळ भरून चिकटलेला थर निघत नाही. सकाळी घाई असेल तर असो, पण झोपताना लाळ कमी होते, म्हणून रात्रीचं घासणं चुकवू नये. त्यानंतर आई-वडिलांपैकी कुणी ओठ उचलून, उजेडात ब्रॅकेट आणि हिरडीमधली जागा पाहावी. पांढरा डाग खड्डा पडण्याआधी ओळखला, तर स्वच्छता आणि फ्लोराइडनं तो तिथेच थांबवता येतो. खड्डा पडल्यावर मात्र दात भरावाच लागतो. उपचाराचे हजारो रुपये सरळ दातांसाठी मोजतो, तर रोजची ही दोन मिनिटांची पाहणी त्याच उपचाराचा भाग मानायला हवी.